जर्मन मान

माझा धाकटा भाऊ यासेन बरीच वर्षं जर्मनीत गाड्या दुरुस्त करून गाब्रोवोला परत आला, तेव्हा त्याने दोन गोष्टी बरोबर आणल्या. एक पान्यांची लखलखीत पेटी आणि दुसरी उलटी मान.

पेटीचं सगळ्यांनी कौतुक केलं. मानेने मात्र घरात गोंधळ घातला. आमच्याकडे बल्गेरियात 'हो' म्हणायचं तर मान डावी-उजवीकडे हलवतात आणि 'नाही' म्हणायचं तर खाली-वर. जर्मन लोकांचं नेमकं उलटं. आल्या आल्या आईने त्याला विचारलं, घेवड्याचं सूप अजून वाढू का? त्याने जर्मनांसारखी मान खाली-वर केली, आईने पातेलं उचलून नेलं आणि हा बसला रिकामा वाडगा घेऊन. बँकेत, बाजारात, सगळीकडे तेच. लोक हसायचे. पुढे दोन-तीन महिन्यांत ती खोड गेली. निदान मला तरी परत कधी दिसली नाही.

कापडगिरणी बंद पडल्यावर माझी नोकरी गेली होती, म्हणून मी त्याच्याच गॅरेजमध्ये बसू लागले. फोन घ्यायचा, सुटे भाग मागवायचे, गिऱ्हाइकाला कॉफी द्यायची आणि यासेनच्या तोंडून निघालेली वाक्यं गिऱ्हाइकाला झेपतील अशी करून सांगायची, ही माझी कामं. भाऊ माझा हाताचा कुशल आहे, पण मनाने आकसखोर. लहानपणी कुणी खेळात हरवलं तर महिनाभर त्याच्याशी बोलायचा नाही. मी सख्खी बहीण आहे, मीच सांगणार ना.

आता पांतेले काकांबद्दल सांगते. ते गावाबाहेरच्या वाहन तपासणी केंद्रात इन्स्पेक्टर होते. दरवर्षी प्रत्येक गाडी त्यांच्या समोरून जायची आणि त्यांनी शिक्का दिला तरच रस्त्यावर यायची. जाड मिशा, इस्त्रीचा निळा डगला आणि हातात एक छोटी लाकडी हातोडी. गावाने त्यांचा जितका राग केला तितका महापौराचाही केला नसेल, आणि तो सगळा राग एका डब्यापायी.

गाडीच्या पोटाखाली धुराच्या नळीत एक पोलादी डबा असतो. कन्व्हर्टर म्हणतात त्याला. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची मातीची जाळी असते, तिच्यावर महागड्या धातूचा मुलामा. इंजिनाचा विषारी धूर त्या जाळीतून शुद्ध होऊन बाहेर पडतो. ती जाळी विकत घेणारे लोक आमच्याकडे विजेच्या खांबाखांबावर आपले फोन नंबर चिकटवून जातात. मग लोक काय करतात, डबा कापून जाळी काढतात, विकतात आणि रिकामा डबा परत जोडून टाकतात. वरून बघाल तर सगळं जागच्या जागी. आमचं गाव तर चिकटपणासाठी देशभर प्रसिद्ध. हिवाळ्यात मांजर दारातून जाताना ऊब बाहेर जाऊ नये, दार लवकर लावता यावं, म्हणून गाब्रोवोचे लोक मांजराचं शेपूट कापतात, असं आमच्याबद्दल सांगतात. दुसरे कशाला, आम्हीच सांगतो. अशा गावाला रिकामा डबा सुचला नसता तरच नवल.

पण पांतेले काका खाली वाकायचे आणि डब्यावर हातोडी मारायचे. भरलेला डबा 'ढप्' बोलतो आणि रिकामा 'टण्ण'. टण्ण ऐकलं की काका उभे राहायचे, डगल्याची सुरकुती झटकायचे आणि म्हणायचे, "पुढची गाडी." ओळख नाही, नातं नाही, बाटली नाही. सख्ख्या मेव्हण्याची गाडीसुद्धा त्यांनी परत पाठवली होती.

यासेन जर्मनीहून आला तो एका काळ्या गाडीतून. तिच्यावर त्याचा फार जीव होता. पहिल्याच तपासणीला मला मुद्दाम शेजारी बसवून घेऊन गेला. रांगेत निम्मं गाव. काकांनी हातोडी मारली आणि आवाज आला टण्ण. आधीच्या मालकाने डबा रिकामा केलेला, याला पत्ताच नव्हता. यासेन म्हणाला, शक्यच नाही, ही जर्मन गाडी आहे. काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मेकॅनिकसाहेब, रिकामा डबा आणायला एवढ्या लांब कशाला गेलात? इथेच स्वस्तात मिळाला असता."

रांग हसून लोटपोट झाली. मीही हसले, कारण विनोद चांगलाच होता. आमच्या गावात विनोद झाला की ज्याच्यावर झाला त्यानेही हसायचं असतं. जो रुसला तो संपला. यासेन हसला नाही. त्याचे कान लाल झाले आणि ते बराच वेळ तसेच राहिले. पुढे काका वारले तेव्हा हा पाठदुखीचं निमित्त करून अंत्यविधीला गेला नाही. मी एकटीच गेले, फुलं घेऊन.

इतक्या कडक माणसाची एकच चैन होती. लाल रंगाची, दोन माणसांची, बसकी जुनी स्पोर्ट्स कार. दिवे लावले की दोन्ही दिवे पापण्या उघडल्यासारखे बॉनेटमधून वर यायचे. रविवारी काका आपल्या बायकोला, नेवेना मावशीला, शेजारी बसवून डोंगरावरच्या उझानाच्या कुरणांपर्यंत चक्कर मारायचे, मावशीच्या डोक्याला रुमाल, काकांच्या मिशा वाऱ्यावर. जिवंतपणी त्यांनी मावशीला स्टिअरिंगला बोट लावू दिलं नाही. ते गेल्यावर मावशीने चावी घेतली आणि रविवारची चक्कर चालू ठेवली. शाळेतली भूगोलाची निवृत्त बाई. नकाशा आणि रस्ता दोन्ही तोंडपाठ.

काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा मावशी ती गाडी घेऊन आमच्याकडे आली. म्हणाली, चढावर गाडीला दमच राहत नाही, खालून डबड्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, आणि वास तर असा की मागच्या गाडीवाल्याची मला लाज वाटते. वर्षश्राद्धाच्या आधी तपासणी करून घ्यायची आहे. यांच्यामागे गाडीला शिक्का नाही असं नको व्हायला.

यासेनने गाडी वर उचलली, इंजिन चालू केलं. कुजलेल्या अंड्यांचा असा भपकारा आला की मावशीने पर्समधून रुमाल काढून नाकातोंडावर धरला. यासेनने डब्यावर मूठ मारली तर आत जाळीचे तुकडे खळखळले. मी कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होते, त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

त्याने तिला नीट समजावून सांगितलं. जाळी फुटली आहे, तुकड्यांनी वाट बुजली आहे, म्हणून गाडीला श्वास घेता येत नाही. नवा डबा या जुन्या गाडीसाठी बाहेरून मागवावा लागेल, वेळ लागेल. नाहीतर हाच डबा उघडून आतलं सगळं काढून टाकतो, गाडी पळेल. नवा इन्स्पेक्टर क्रुम काही ठोकून बघत नाही. मग त्याने विचारलं, "मावशी, रिकामा करू का डबा?"

मावशीच्या तोंडावर रुमाल होता. तिने मान हलवली. खाली-वर, खाली-वर, दोनदा, ठसठशीत. शाळेत पोराने चुकीची राजधानी सांगितली की हलवायची तशी.

"बरं," यासेन म्हणाला.

मी कॉफी ठेवली आणि नव्या डब्याची ऑर्डर द्यायच्या तयारीला लागले. पण यासेनने मला गाडीचा नंबर दिलाच नाही. आठवड्याच्या आत मावशीला फोन गेला, गाडी तयार आहे. मी त्याला विचारलं, डबा कुठून आला? तो हात पुसत म्हणाला, "जमवलं गं ताई." माझ्या मनात पाल चुकचुकली होती, खोटं कशाला बोलू. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी पुढे विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी मावशी मला घेऊन गेली. म्हणाली, इतकी वर्षं यांच्यासमोर गावाची रांग लागायची, पण मी स्वतः कधी रांगेत उभी राहिले नाही, तू चल सोबतीला. केस सेट केलेले, काळ्या कोटावर काकांनी दिलेला ब्रोच. दिवे वरखाली करून तिने रांगेतल्या मुलांना हसवलंसुद्धा.

आमची पाळी आली. क्रुम काकांच्या हाताखाली शिकलेला, गोड स्वभावाचा पोरगा. गाडी बघून त्याचे डोळे भरून आले. धूर मोजायच्या यंत्राची नळी लावायच्या आधी तो आत गेला आणि खिळ्याला टांगलेली काकांची हातोडी घेऊन आला. एरवी तो ती वापरत नाही, पण म्हणाला, "काकांची गाडी, काकांची हातोडी. आज त्यांच्या पद्धतीने." लोक जवळ आले, कुणी टोपी काढली. मावशी ताठ उभी राहिली. शाळेत बक्षीस समारंभाला उभी राहायची तशी.

क्रुमने हातोडी मारली.

टण्ण.

त्याला वाटलं नेम चुकला. त्याने परत मारली. परत टण्ण. मागून कुणीतरी म्हणालं, "वा! इन्स्पेक्टरसाहेबांनी मेल्यावर का होईना, गाब्रोवोची अब्रू राखली." दुसरा म्हणाला, "दुसऱ्यांच्या डब्यावर ढप्, घरच्या डब्यावर टण्ण." आणि हसू फुटलं. इतक्या वर्षांचं साठलेलं हसू होतं ते, लवकर थांबेना.

मावशी रडली नाही. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली आणि तिच्या गळ्यापासून लाली चढत चढत कानांपर्यंत गेली. क्रुम घाईघाईने म्हणाला, "मावशी, यंत्रावर धूर बसेल मर्यादेत, मी शिक्का देतो."

"देऊ नकोस," ती म्हणाली.

"अहो पण—"

"ते असते तर दिला असता का? मग तूही देऊ नकोस."

आम्ही परत निघालो. पुलाच्या वळणावर ती म्हणाली, "दोन्का, ते खरंच असं करतील असं वाटतं का गं तुला?" तिला शंका काकांची आली होती! तिला वाटलं, मरायच्या आधी काकांनीच गुपचूप चांगली जाळी विकून आत मोडके तुकडे भरले असतील, कदाचित तिच्याच औषधांसाठी, आणि यासेनने ते तुकडे झटकून तोच डबा परत बसवला असेल. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी म्हणाले, नाही मावशी, त्यांनी नाही. एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं.

गॅरेजमध्ये येऊन मी यासेनला धरलं. तो इंजिनात डोकं घालून होता, वर बघेना.

"तू रिकामा केलास?"

"तीच हो म्हणाली."

"तिने मान खाली-वर केली. मी बघत होते."

"तेच तर म्हणतोय. खाली-वर. मला हो वाटलं. जर्मन सवय आहे गं, कधी कधी उफाळून येते."

"किती वर्षं झाली तुला येऊन?"

त्याचे कान लाल होते. त्या दिवशी रांगेत झाले होते तसेच. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे, त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय, आणि मला त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना. मेलेल्या माणसावर सूड उगवायचा, तोही त्याच्या बायकोच्या रुमालाआडून. कुणी चोरी केली असती तर मला कमी लाज वाटली असती. चोराला निदान काहीतरी हवं असतं.

संध्याकाळी मावशी स्वतःच आली, काय झालं ते विचारायला. नेमका कोपऱ्यावरच्या खानावळीचा गांचो तिथे बसलेला, गावातला सगळ्यात मोठ्या तोंडाचा माणूस. यासेनने तिला तेच सांगितलं, जर्मन मान. सांगताना खाली बघत होता, आणि ते सगळ्यांना पश्चात्तापासारखं दिसलं. गांचो मांडी थोपटून हसत सुटला. "म्हणजे बाई म्हणाली नाही आणि याने ऐकलं हो! अरे, लग्नाला उभा राहा आता अशी मान घेऊन!"

आणि मावशी, माझी बिचारी मावशी, हसली. तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. काकांनी केलेलं नाही, एवढंच तिला हवं होतं. तिने यासेनच्या तेलकट हातावर आपला हात ठेवला. "अरे, चूक माझीच. रुमाल बाजूला करून तोंडाने सांगायला हवं होतं. बाई असून मुलाला अर्धवट उत्तर दिलं मी."

तिने माफी मागितली. त्याची. यासेन म्हणाला, नवा डबा मी माझ्या खर्चाने बसवून देतो. सगळे म्हणाले, बघा, किती सज्जन मुलगा. वर्षश्राद्धाला मावशीने रिवाजाप्रमाणे शिजवलेले गहू वाटले तेव्हा आमच्या वाडग्यात अक्रोड जरा जास्तच घातले होते. यासेनने ते खाल्ले नाहीत. मी मात्र खाल्ले.

एकदा विनोद झाला की आमच्या गावात तो माणसाच्या हातात राहत नाही. मे महिन्यात आमच्याकडे हसण्याची जत्रा असते, वर्षभरात गावात जे जे फजितीचं घडलं त्याची सोंगं मिरवतात. त्या वर्षी गांचोच्या मंडळाने ट्रॅक्टरवर कागदाच्या लगद्याचं भलंमोठं डोकं उभं केलं, स्प्रिंगवर डुलणारं. खाली फलक, 'गाब्रोवोचा प्रश्न, जर्मन उत्तर.' मागे दोरीला बांधलेला पत्र्याचा डबा रस्त्यावर टणटणत चाललेला, आणि त्या डब्याला चिकटवलेल्या जाड काळ्या मिशा.

यासेनला वर बसवलं होतं, पीस खोचलेली हिरवी टोपी घालून. लोक ओरडून प्रश्न विचारायचे, बायको हवी का, कर भरलास का, आणि त्याने मान उलटी हलवायची. नाही म्हणायचं धाडस त्याच्यात नव्हतं, कारण रुसेल तर लोक विचारतील का रुसला. म्हणून बसला आणि हलवत राहिला. मला खालून दिसत होतं, प्रत्येक वेळी तो आधी क्षणभर थांबायचा. विचार करून उलटं हलवायचा. लोकांना ते सोंग छान वठलेलं वाटलं.

मावशी माझ्या शेजारी पुलावर उभी होती. गांचोने तिची परवानगी घेतली होती आणि तिने दिलीही होती, गाब्रोवोची बाई आणखी काय करणार. डोकं आलं तेव्हा ती हसली, टाळ्या वाजवल्या. मग मिशांचा डबा टणटणत आमच्या पायांसमोरून गेला. ती तेव्हाही हसत होती. पण तिच्या हाताने माझं मनगट शोधलं आणि इतकं घट्ट धरलं की तिच्या अंगठीचा वळ उठला. रात्रभर मी तो वळ बघत बसले.

जत्रेनंतर नवा डबा आला. मावशी म्हणाली, या वेळी मी समोर उभी राहून बघणार. सकाळीच आली, बरोबर भोपळा भरून भाजलेली बानित्सा घेऊन, अजून गरम.

यासेनने गाडी वर उचलली. जुना रिकामा डबा काढणं सोपं नव्हतं. बोल्ट गंजून एकजीव झालेले. त्याने तेल सोडलं, ज्योतीने तापवलं, परत तेल सोडलं. सेन्सर इतका हळूच सोडवला की मला वाटलं, हाच माणूस का तो. शेवटी डबा निघाला आणि जमिनीवर पडला, टण्ण. तिघांपैकी कुणीच कुणाकडे बघितलं नाही.

नवा डबा जोडायच्या आधी त्याने तो खिडकीकडे धरला आणि मावशीला म्हणाला, यातून बघा. तिने चष्मा वर करून एक डोळा लावला. जाळीच्या हजार छिद्रांतून उजेड तिच्या गालावर बारीक ठिपक्यांनी पडला. ती म्हणाली, किती सुंदर असतं हे, यांनी कधी दाखवलंच नाही मला.

मग तो गाडीखाली शिरला. डबा जड, दोन्ही हातांनी वर उचलून धरावा लागतो, म्हणून त्याने छोटी बॅटरी दातांत धरली. तिच्या उजेडाचा गोल गाडीच्या काळ्या पोटावर पडला होता. मावशी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला.

"जड आहे का रे? हात लावू?" मावशीने विचारलं.

उजेडाचा गोल खाली-वर झाला. नको.

"मग तो मोठा दिवा पुढे घेऊ का?"

गोल डावी-उजवीकडे गेला. हो, घ्या. मावशीने दिवा पुढे ओढला. दिवा नीट लागल्यावर ती म्हणाली, "इतका पुरे?" गोल परत डावी-उजवीकडे. पुरे.

यातलं एकही उत्तर जर्मन नव्हतं. त्याला अजून कळलं नव्हतं. त्याचं सगळं लक्ष बोल्टच्या छिद्रांवर होतं, आणि माणसाचं लक्ष हातावर असलं की मान आपल्या आईचीच भाषा बोलते. मला वाटलं खोकावं, ट्रे पाडावा, काहीतरी करावं. मी काहीच केलं नाही. हेही मला सांगायला हवं.

मावशीने दिव्याची वायर पायाने बाजूला केली. मुद्दाम विचारत होती की सहज, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली. रागाने नाही, पोराला फळ्यापाशी बोलावून विचारावं तशी.

"यासेन, त्या दिवशी तू मला विचारलंस, रिकामा करू का. मी काय म्हणाले होते?"

उजेडाचा गोल जागीच थांबला.

त्याला बॅटरी थुंकून बोलता आलं असतं. डबा सोडता येत नव्हता, पण दात उघडता आले असते. जर्मन मान, मावशी. तीन शब्द. सगळ्या गावाला पाठ झालेले. मी वाट बघत होते, आणि देवाशपथ, मला काय हवं होतं ते मलाच माहीत नव्हतं.

गोल हलला. खाली गेला, वर आला. परत खाली, परत वर. सावकाश. तिने त्या दिवशी हलवली होती तशीच.

मावशीने श्वास सोडला. मला वाटलं आता ती बोलेल, रडेल, निघून जाईल. ती पुढे झाली, दोन्ही हात वर करून डब्याचं एक टोक स्वतः पेललं. "एक हात सोड आता," ती म्हणाली. "बोल्ट लाव. आणि नीट आवळ."

त्याने लावले. नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं, घामाचं की कशाचं, मी बघितलं नाही. सगळे बोल्ट आवळून झाले तेव्हा मावशीने अंगठीच्या बोटाने डब्यावर टकटक केलं.

ढप्.

मग ती हात पुसत बाकावर बसली, बानित्साचा कागद उघडला आणि त्याच्याकडे न बघता विचारलं, "खाणार का?"

यासेन गाडीखालून बाहेर आला होता. बॅटरी हातात, तोंड मोकळं. त्याची मान जरा हलायला लागली आणि मधेच थांबली. अडकल्यासारखी. मग तो म्हणाला, "नको, मावशी." तोंडाने.

दुसऱ्या दिवशी ती तपासणीला गेली, मला न घेता. क्रुमने भरल्या रांगेत हातोडी मारली, गांचोने ते ऐकलं आणि संध्याकाळी येऊन सांगितलं की इन्स्पेक्टरसाहेबांचा डबा ढप् बोलला, सगळ्यांनी टोप्या काढल्या. मावशीने गावात कुणालाही काही सांगितलं नाही. एक शब्दही नाही. दर रविवारी लाल गाडी आमच्या दारावरून वर कुरणांकडे जाते, आणि ती दिवे वरखाली करून मला नमस्कार करते. गॅरेजचं दार उघडं असेल तर यासेन तेवढ्यात आत काहीतरी शोधायला जातो.

गाव अजून त्याला बघून उलटी मान हलवतं आणि हसतं, आणि तो उभा राहून ऐकून घेतो. पण त्या सकाळपासून माझ्या भावाने मानेने कुणालाच उत्तर दिलेलं नाही. आईने सूप वाढू का विचारलं तरी पातेल्यासमोर ताठ बसतो आणि तोंडाने म्हणतो, हो, किंवा नको. गावातल्या लोकांना वाटतं, हीपण जर्मनीचीच सवय.